खाबुऱ्याच्या अर्बाबांचं कोटेशन

ओमानमधल्या सोहारच्या कारखान्यात खरेदी विभागात रुजू झाले तेव्हा मला वाटायचं, पुरवठादार निवडणं म्हणजे सोपं काम. कोटेशनं शेजारी शेजारी मांडायची, दर आणि तारीख बघायची, खलास. पुण्यात मी हेच करत आले होते.

वार्षिक दुरुस्तीसाठी कारखाना बंद होणार होता आणि मोठ्या पंपाला नवं बेअरिंग हवं होतं. ते वेळेत आलं नाही तर खापर माझ्यावरच फुटणार होतं. नोकरी अजून कायम व्हायची होती.

शेवटी दोघे उरले. एक मस्कतच्या गाला भागातला व्यापारी, आपला मराठी माणूस. फोनवरच म्हणाला, "मॅडम, गुरुवारी माल तुमच्या गेटवर. नक्की!" दुसरे खाबुऱ्याचे अर्बाब, म्हणजे तिथल्या दुकानाचे वयस्कर ओमानी मालक. आमच्या ओमानी साहेबांनी सांगितलं, "आधी त्यांच्याकडे जाऊन बस." कोटेशन तर आलं होतं, मग बसायचं कशाला?

कुतूहल म्हणून गेले. खजूर आले, काहवा म्हणजे तिथली कॉफी आली. मी फाइल उघडली की अर्बाब हिंदीत घरचं विचारायचे. आई कुठे असते, आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय म्हटल्यावर, ते कधी आहे. तारीख विचारली तर म्हणाले, "इन्शाल्ला, टाइम पे." कप रिकामा झाला की पुन्हा भरायचे. पुरे असेल तर कप हलवायचा असतो, हे मला कुठे ठाऊक! पाच कप पिऊन परतले, तक्त्यात त्यांच्यापुढे 'तारीख अनिश्चित' लिहिलं आणि ऑर्डर मराठी माणसाला दिली. त्या एका 'नक्की'वर मी कशी काय भाळले, याचं मला आजही नवल वाटतं.

गुरुवारी दुपारी त्या माणसाचा फोन बंद. मला रडू फुटायचं बाकी होतं. लाज गुंडाळून ठेवून खाबुऱ्याला फोन लावला.

"बेटी, माँ का ऑपरेशन हो गया?" अर्बाबांनी आधी हेच विचारलं.

"हो गया, सब ठीक है," मी घाईघाईने म्हणाले आणि बेअरिंगवर आले.

"इन्शाल्ला, सुबह."

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अर्बाब स्वतः गाडी चालवत गेटवर हजर. बेअरिंग उतरलं, माझी नोकरी वाचली. निघताना त्यांनी सीटवरून खजुरांचा डबा काढून माझ्या हातात दिला. "माँ के लिए."

ऑपरेशन मंगळवारी झालं होतं. मी आईला अजून फोनही केला नव्हता.