मडगार्ड लावलेली गाडी

बाबांनी निवृत्त व्हायच्या आधी स्वतःच्या हातांनी एक गाडी बांधली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका फॅक्टरीत ते मेंटेनन्सला होते. जन्मभर दुसऱ्यांची मशिनं दुरुस्त केली, आता एक तरी वस्तू पहिल्यापासून आपण करायची, एवढंच त्यांचं म्हणणं. रास अल खोरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात एका जुन्या अमेरिकन पिकअपचा गंजका सांगाडा कागदपत्रांसकट मिळाला. तिथल्याच एका गॅरेजच्या मागची शेड त्यांनी भाड्याने घेतली आणि सुट्टीचे सगळे दिवस तिकडे जाऊ लागले.

"दुसरी बायको केली असती तर निदान घरी तरी आणली असती," आई म्हणायची. ती शेडवर कधीच आली नाही. तिला तिथला ऑइलचा वास सहन व्हायचा नाही.

मी जायचे. मी इथेच वाढलेली. बाबा मराठीत बोलायचे, मी इंग्रजीत उत्तरं द्यायचे, आणि पाने हातात देत राहायचे. गाडी हळूहळू आकाराला आली. छत कापून बसकं केलेलं, बॉडी जमिनीला टेकेल इतकी खाली. चारही चाकं साफ उघडी, मडगार्ड नाहीतच. बॉनेटही नाही, त्यामुळे नवं बसवलेलं इंजिन चकचकीत दिसायचं. रंग पिकल्या जांभळाचा. पहिल्यांदा स्टार्ट केली तेव्हा शेडचे पत्रे थरथरले आणि बाबा हसत सुटले. त्यांना इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

नंबरप्लेट नसल्यामुळे पासिंगला ती रिकव्हरीच्या ट्रकवरून न्यावी लागली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तपासणारा अधिकारी एमिराती होता, मध्यम वयाचा. त्याने गाडीभोवती सावकाश चक्कर मारली.

"माशाल्ला. चाचा, ये आपने बनाया?"

"हां. मैंने."

"बहुत सुंदर है. लेकिन पास नहीं होगा."

मग त्याने शांतपणे एकेक गोष्ट दाखवली. चाकं झाकलेली हवीत. उंची वाढवायला हवी. आवाज फार आहे. इंजिनचा नंबर कागदाशी जुळत नाही. आणि मुख्य म्हणजे असे बदल करायचे तर परवानगी आधी घ्यायची असते, काम नंतर. त्याचं काही चुकत नव्हतं. बाबांना आपल्या वेल्डिंगची खात्री होती. परवानगीचा प्रश्न त्यांच्या डोक्यातच आला नव्हता.

परतताना मी म्हटलं, "बाबा, लेट्स कीप इट लाइक धिस. शो कार."

"रस्त्यावर न चालणारी गाडी म्हणजे फर्निचर," बाबा म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच ती बदलायला घेतली. स्प्रिंग बदलून बॉडी उचलली. मोठा सायलेन्सर बसवला. इंजिनवर बॉनेट आलं. पत्रा ठोकून, वळवून चारही मडगार्ड तयार केली. कामात कुठे खोट नव्हती, त्यांना खोट ठेवून काम करताच यायचं नाही. पण एरवी एखादा भाग बसवला की चार पावलं मागे जाऊन, मान तिरकी करून बघायची त्यांची सवय होती. मडगार्ड बसवल्यावर ते मागे गेले नाहीत. हात पुसले आणि म्हणाले, "चल, खलास."

इन्शुरन्सचं आणखी वेगळंच. फोनवर सगळे मेक विचारायचे, मॉडेल विचारायचे.

"सर, हमारे सिस्टम में ये गाडी ही नहीं है," एकजण अगदी अजिजीने म्हणाला.

शेवटी एका कंपनीने थर्ड पार्टी दिला. म्हणजे आपण कोणाला ठोकलं तर त्याची भरपाई, आपल्या गाडीची काहीच नाही.

"लोकांच्या गाडीला किंमत आहे, आपल्या नाही," बाबा म्हणाले. रागाने नाही, नुसतंच.

परवानगी आली, इंजिनचा नवा नंबर कागदावर चढला आणि गाडी पास झाली. अधिकारी तोच होता. "मबरूक, चाचा," म्हणत त्याने अभिनंदनाचा हात मिळवला. मग गाडीकडे बघत म्हणाला, "पहले वाली..." आणि रांगेतल्या पुढच्या गाडीकडे वळला.

मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, हातात आल्यावर बाबा आईला डोंगरातल्या हत्ता गावाला घेऊन गेले. मी मागून माझ्या गाडीने गेले. धरणाजवळ थांबलो तेव्हा आई खुशीत होती.

"अहो, छान आहे की! मला वाटलं होतं काहीतरी विचित्र असेल. ही तर चारचौघांच्या गाड्यांसारखी दिसते."

बाबा "हं" म्हणाले आणि चहाच्या शोधात निघून गेले.

त्यानंतर त्यांनी ती फारशी चालवली नाही. ओरखडा पडेल, कोणी मागून ठोकेल, याचीच धास्ती. पुढे नोकरी संपली, व्हिसाही संपत आला. पुण्याला गाडी न्यायचं जमण्यासारखं नव्हतं. एका स्थानिक गृहस्थाचं वाळवंटात फार्म होतं, तिथे तो अशा गाड्या ठेवायचा. तो बघायला आला.

"मडगार्ड निकलता है?" त्याने पहिलंच विचारलं.

"निकलता है. वैसे ही लगाया है," बाबा म्हणाले. ती काढता येतील अशी बसवली होती, हे मला माहीत नव्हतं.

"यल्ला, निकालो. फार्म पे कौन देखता है!"

बाबांनी आमच्या बिल्डिंगखालीच मडगार्ड सोडवली, बॉनेट उतरवलं. गाडी अजून उंचच होती, तरी ओळखू आली. आई पिशव्या घेऊन खाली आली होती. ती बघतच राहिली.

"अशी होती ही?"

"अशीच. थोडी खाली होती."

"मग मला हिच्यातून का नाही नेलंत?"

 रिकव्हरीवाला पट्टे आवळत होता, बाबा जाऊन एक पट्टा स्वतः तपासून आले.

आता दोघं पुण्यात असतात. सोसायटीत कोणी विचारलं की दुबईला काय करत होता, तर बाबा सांगतात, फॅक्टरीत मेंटेनन्सला होतो. गाडीचं नाव काढत नाहीत. मी सुट्टीला जाते तेव्हा आई एखाद्या वेळी तो विषय काढते, आणि बाबा चहा टाकायला उठतात.