मामंजींचं धोतर कुजलंच नाही

मैत्रिणींनो, दुपारी शेतातून आलेय तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहितेय.

आमचं गाव देवणीजवळ. थोरल्या जाऊबाईंचा, म्हणजे अक्कांचा ऊस आमच्या बांधाला लागूनच आहे. त्या पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, रानातच कुजवतात, शेणखत टाकतात. आम्ही पाचट जाळून युरियाची पोती रिकामी करतो.

कृषी सहायक मॅडम म्हणाल्या होत्या, "सुती कापड पुरून बघा. मातीत जिवाणू असले तर ते खातील." म्हणून पावसाळ्यात मामंजींच्या मागं उरलेलं एक धोतर फाडून अर्धं अर्धं दोन्ही शेतांत पुरलं.

आज आधी अक्कांच्यात उकरलं. काठाचे चार दोरे तेवढे हाती लागले. बाकी भुसभुशीत माती आणि वळवळणारी गांडुळं.

मग आमच्यात. ह्यांनी कुदळीनं ढेकूळ फोडलं आणि आमचं अर्धं धोतर जसंच्या तसं वर आलं. मामंजींच्या पानाचा डागसुद्धा जागच्या जागी. मूठभर माती नाकाशी नेली, तर तिला कसलाच वास नव्हता.

मी म्हणाले, "अक्का, हे तर काल पुरल्यावानी हाय."

अक्का दोन पावलं मागं सरल्या. "इथं खाणारंच कुणी न्हाई गं. मग उसाला तरी कोण खाऊ घालतंय?"

ह्यांनी धोतर झटकलं, घडी घातली. मग म्हणाले, "यंदा पाचट जाळायचं न्हाई."

वर ऊस हिरवागार सळसळत होता, आणि खाली एवढी शांतता. तुमच्या शेतात पायाखाली कुणी जागं आहे का, बघितलंय कधी?