लोहाऱ्याहून विद्यापीठ बघायला

आमच्या लोहाऱ्याच्या शाळेतून औरंगाबादचं नवं विद्यापीठ बघायला जायचं ठरलं, तेव्हा ते आमच्या सरांनीही पाहिलेलं नव्हतं. माहिती मात्र तेच सांगणार होते.

साठच्या दशकाची सुरुवात. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. वर्गात मुली दोनच, त्यातल्या दुसरीला घरून परवानगी मिळाली नाही. माझे वडील, अण्णा, तहसिलीत कारकून. ते म्हणाले, "जा. पण मी संगं येतो." उमरग्याच्या एका घराशी माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. पोरगी एकदा बघून आली की शिकायचं खूळ उतरेल, असा त्यांचा अंदाज. आईनं त्यांना बजावलं, "तिथं पोरी किती शिकतात ते बघून या."

पहाटेची एसटी, उस्मानाबादला गाडी बदलायची, दुपारी बीडचा स्टँड. तिथं आम्ही धपाट्यांची फडकी सोडली. त्या रस्त्यानं आजही जाणार असाल तर धपाटेच न्या. दोन दिवस टिकतात, वर शेंगाची चटणी पुरते. संध्याकाळी पोचलो तेव्हा धुळीनं सगळ्यांचे केस एकाच रंगाचे झाले होते. मुक्काम धर्मशाळेत.

सकाळी सर पुढं, आम्ही वह्या घेऊन मागं. विद्यापीठ म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी मोठं माळरान आणि लांब लांब इमारती. एका गोल बांधकामाकडं बोट करून सर म्हणाले, "ही वेधशाळा."

झाडांना पाणी घालणारा माळी म्हणाला, "पानी की टाकी है, मास्टरसाब."

"सध्या टाकी आहे," सर म्हणाले. आम्ही तसंच लिहून घेतलं.

ग्रंथालयात भिंतीलगत जुन्या उर्दू पुस्तकांचा ढीग पडला होता. कुणीतरी देणगी दिलेली. ग्रंथपाल मुंबईकडचे, त्यांना ती लिपी येत नव्हती. "तुमच्यापैकी कुणाला वाचता येतं का?" त्यांनी विचारलं. सकाळपासून सगळ्याची उत्तरं देणारे सर खिडकीबाहेर बघू लागले.

"मला येतं," अण्णा म्हणाले.

अण्णांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं. विलीनीकरणानंतर कचेरीचा कारभार मराठीत आला, आणि त्यांचा मसुदा त्यांच्या निम्म्या वयाचा कारकून लाल शाईनं दुरुस्त करू लागला. घरी ते याबद्दल कधी बोलले नाहीत. आम्हाला कळायचं, कारण त्या दिवशी ते जेवताना मीठसुद्धा मागत नसत.

ग्रंथपालांनी त्यांना खुर्ची दिली. अण्णा नाव वाचायचे, अर्थ सांगायचे, मी देवनागरीत लिहायची. सर बाकीच्यांना घेऊन पुढं गेले. आम्ही दोघं दुपारपर्यंत तिथंच.

निघताना ग्रंथपालांनी विचारलं, "मुलगी पुढं काय करणार?"

"लग्न..." अण्णांनी सुरुवात केली आणि थांबले. "बघू," म्हणाले.

परतीच्या गाडीत बीड मागं पडलं. मग अण्णांनी हळूच विचारलं, "ते पुस्तकांचं काम करायला काय शिकावं लागतं गं?"

"आधी बी.ए. लागतं, असं ग्रंथपाल म्हणाले."

"किती वर्षं?"

"चार."

घरी आईनं पहिला प्रश्न विचारला, पोरी किती होत्या? अण्णा म्हणाले, "ते बघायचं राहिलं."

पुढच्या आठवड्यात उमरग्याचे पाहुणे आले. अण्णांनी त्यांना पोहे दिले आणि सांगितलं, "पोरगी बी.ए. झाल्यावर बोलू." पाहुण्यांनी पोहे संपवले, चहा मात्र घेतला नाही. आई दोन दिवस "चांगलं स्थळ घालवलंत" म्हणत राहिली. शाळेत सरांनी जाहीर केलं की त्यांनी दिलेल्या माहितीमुळं एका विद्यार्थिनीला उच्च शिक्षणाची गोडी लागली. मी मान डोलावली. पुढं बी.ए. केलं आणि बत्तीस वर्षं ग्रंथालयात नोकरी.

त्या इमारती आता मला धड आठवत नाहीत. अण्णांचा आवाज आठवतो. मी चुकू नये म्हणून ते प्रत्येक नाव दोनदा म्हणत होते, आणि दुसऱ्यांदा म्हणताना आवाज जरा मोठा होत होता.