बिनआवाजाची लॅब्राडोर

मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि घर एकदम शांत झालं. म्हणून कुत्रा आणायचं ठरलं. यांचं रिटायरमेंट नवंनवं होतं, दुपारभर मोबाइलवर कुत्र्यांच्या जाती बघत बसायचे. बीगल भुंकून शेजाऱ्यांना वैताग आणतो, जर्मन शेफर्डला रोज मैदान लागतं, पग जातीच्या कुत्र्याला इंदूरचा मे महिना सोसत नाही. आपल्याला लॅब्राडोरच बरी, हा त्यांचा निकाल. माझी एकच अट होती, पिल्लू विकत आणायचं नाही. लोकांनी टाकून दिलेली इतकी जनावरं आहेत, त्यातलंच एक आणू.

शहराबाहेरच्या एका शेल्टरमध्ये गेलो. आम्हाला बघून सगळी कुत्री जाळीवर उड्या मारायला लागली, भुंकायला लागली. शेवटच्या जाळीत मात्र एक फिकट पिवळी लॅब्राडोर भिंतीकडे तोंड करून बसलेली. सड लोंबलेले, कोपरांवर घट्टे, गळ्याभोवतीचे केस गेलेले.

शेल्टर चालवणाऱ्या बाई मराठीच निघाल्या. "ही छत्रीबागेकडे, नदीच्या पुलाखाली सापडली," त्या म्हणाल्या. "दोरी इतकी छोटी बांधली होती की धड बसता पण येत नव्हतं. पिल्लं काढून काढून वापरली असणार, मग फेक दिया. हिला कोणी नेत नाही, सगळ्यांना पिल्लूच हवं असतं."

"आम्ही छत्रीबागेतच राहतो," हे म्हणाले.

बाईंनी आमच्याकडे जरा निरखून पाहिलं. "मग जरा सांभाळून, काकाजी. जिसने बांधा, वो भी उधर ही कहीं रहता होगा."

ते मी तेव्हा मनावर घेतलं नाही. आम्ही तिला घरी आणलं.

ती भुंकायची नाही. आधी वाटलं, घाबरली आहे, रुळेल. एकदा कुरिअरवाल्याने बेल वाजवली तेव्हा ती दारापाशी धावली, मान वर केली, तोंड उघडलं. आवाज आलाच नाही. फाटक्या भात्यातून निघावी तशी कोरडी हवा तेवढी घशातून आली. हे हसत आले होते, ते तिथेच थांबले.

डॉक्टरांनी तिच्या घशात टॉर्च मारून पाहिलं. "हे जन्मापासूनचं नाही. कोणीतरी मुद्दाम ऑपरेशन करून आवाज काढून घेतलाय."

"का पण?" मी विचारलं.

"एक-दोन कुत्री असतील तर कोणी असं करत नाही, मॅडम. घरात खूप सारी ठेवायची असतील आणि बाहेर पता नहीं चलने देना हो, तर करतात."

परतताना ऑटोत ती माझ्या पायांवर झोपली होती.

सकाळी शाळेत शिकवायला जाण्याआधी मी तिला फिरवायला नेत असे. आमच्या गल्लीतून नदीकडे जाणारी एक अरुंद वाट आहे. त्या वाटेच्या तोंडाशी आलं की कुत्री चारही पाय रोवून उभी राहायची. मी दुसरीकडून नेऊ लागले. पण एकदा आमची गल्ली खोदून ठेवली होती आणि तिथूनच जावं लागलं. थोडं पुढे एक जुनं घर होतं. खिडक्या आतून पत्र्याने बंद केलेल्या, दारही पत्र्याचं. त्या दारासमोर ती जमिनीला पोट टेकवून पडली आणि थरथरू लागली. फिनाइलचा वास इतका होता की डोळे चुरचुरत होते.

घरातून काहीच आवाज नव्हता. तिला उचलायला मी दाराजवळ वाकले, तेव्हा मला ते ऐकू आलं. पत्र्यापलीकडे, अगदी खाली, श्वास. एक नाही, पुष्कळ. आमच्या घरी रोज ऐकते तीच कोरडी, फाटकी हवा, एकावर एक.

"क्या हुआ आंटीजी?"

मागे एक माणूस उभा होता. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात दुधाच्या पिशव्या. बोलणं इतकं मऊ की एरवी मी त्याला चांगल्या घरचा म्हटलं असतं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता. त्याने नुसता हात खाली केला आणि तिने जागच्या जागी लघवी केली.

"अच्छी ब्रीड है," तो म्हणाला. "इसके बच्चे बहुत सुंदर होते होंगे. कहां रहते हो आप?"

"स्नेहलतागंजला," मी खोटंच सांगितलं.

"अच्छा?" तो हसला. "मैं तो आपको रोज यहीं छत्रीबाग में घूमते देखता हूं."

घरी आल्याबरोबर मी शेल्टरच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अर्ज देते, पोलिसांना घेऊन येते, थोडा वेळ लागेल. त्या मधल्या दिवसांत एका सकाळी हे दूध घ्यायला बाहेर गेले आणि मला हाक मारली. आमच्या फाटकाला, यांचं नाव आणि फोन नंबर लिहिलेल्या पाटीच्या खाली, दोरी बांधलेली होती. हातभर लांबीची, टोकाला गळ्याच्या मापाचा फास. यांनी ती सुरीने कापली. म्हणाले एवढंच, "आता तिला घेऊन एकटी जाऊ नकोस."

बाई पोलिसांना घेऊन आल्या तोवर ते घर रिकामं झालं होतं. पत्र्याचं दार सताड उघडं, फरशी धुतलेली, भिंतीला लागून पिंजऱ्यांच्या गंजाचे चौकोन. मागच्या मोरीत टाकीमागे एक बीगल सापडली. घाईत राहून गेली असावी. बाईंनी तिला उचललं तेव्हा तिने तोंड उघडलं, आणि तिलाही आवाज नव्हता. शेजारचे आजोबा पोलिसांना पुन्हा पुन्हा सांगत होते, "भिया, हमको तो मालूम ही नहीं पड़ा. कभी आवाज ही नहीं आई." घरमालकाकडे भाडेकरूचा एक फोन नंबर होता, तो बंद. दिलेला पत्ता खोटा.

आमची लॅब्राडोर आता आमच्याच खोलीत झोपते. गळ्याभोवती केस आले आहेत, यांच्या हातचा दहीभात खाते, आणि मी शाळेतून आले की शेपटीने स्टूल पाडते. ती बीगल शेल्टरच्या बाईंनी स्वतःच ठेवून घेतली.

परवा मुलीने एक जाहिरात पाठवली. इंदूरमध्ये लॅब्राडोरची पिल्लं, घरात वाढवलेली, शांत स्वभावाची. फोटोत पिल्लांच्या मागे पत्र्याचा तुकडा दिसत होता. यांनी फोन स्पीकरवर टाकून नंबर लावला आणि नुसतं हॅलो म्हणाले.

"बोलिए अंकलजी," तोच मऊ आवाज आला. "आपकी वाली की तबीयत कैसी है?"

यांनी फोन ठेवला. आम्ही नंबर शेल्टरच्या बाईंना दिला, त्यांनी पोलिसांना. शोध चालू आहे म्हणतात. मी दिवसासुद्धा फाटकाला आतून कुलूप लावते, आणि गल्लीत पाय वाजले की आधी तिच्याकडे बघते.