जावयाच्या नावानं कॉबलर

ऐन आंब्याच्या दिवसांत, घरात पाटीभर आंबे पिकत पडलेले असताना, मी अमरावतीत डब्यातल्या पीचची चौकशी करत फिरत होते. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, डोळ्यांपुढे ऊन नाचतंय, आणि तिसऱ्या दुकानदारानंही तेच सांगितलं, "म्याडम, पीच नाही, अननस हाये. गोडच असते, घेऊन जा." मला अननस नको होता. खरं तर मला पीचही नको होता. पीच हवा होता आमच्या जावयांना.

आमच्या म्हणजे सासूबाईंच्या. माझी नणंद लग्न होऊन पुण्याला गेली, आणि तिचा नवरा हा या घरचा एकुलता एक जावई. यंदा ज्येष्ठात अधिक महिना आला. म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजेच जावयाचा. या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, जेवू घालायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. वाण जाळी पडलेल्या पदार्थाचंच लागतं, म्हणून अनारसे. जाळीचंच का, असं मी सासूबाईंना एकदा विचारलं होतं. "जाळीचंच लागते म्हून," असं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं.

अनारशांची तयारी सुरू होणार, तेवढ्यात नणंदेचा फोन आला. "आई, यंदा अनारसे राहू दे. यांना पीच कॉबलर आवडतो. वहिनीला सांग, मी व्हिडिओ पाठवते." कॉबलर म्हणजे फळांवर पीठ फुगवून भाजलेला विलायती गोड पदार्थ; हा शब्द सासूबाईंनी जन्मात ऐकला नव्हता. पण 'यांना आवडतो' हे दोन शब्द त्यांना पुरले. एरवी आमच्या घरी कोणाला काय आवडतं याची फारशी वास्तपुस्त होत नाही. जे ताटात येईल ते आवडतं, असं समजून चालायचं. जावयाचं मात्र वेगळं. जावयाला वाघाचं दूध आवडतं असं कळलं असतं, तर सासूबाईंनी मला किटली देऊन मेळघाटात पाठवलं असतं.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण माझं माहेर अकोल्याचं, आणि तिथेही एक जावई आहे. तो म्हणजे माझा नवरा. महिना लागताच माझ्या आईनं शेवटचा रविवार ठरवून टाकला होता, कारण आधीच्या रविवारी याला कधी ऑफिसचं काम, कधी काही. सासूबाईंनी पुण्याच्या जावयांना विचारलं, त्यांना नेमका तोच रविवार सोयीचा निघाला. आता एकच माणूस एकाच दुपारी अमरावतीत यजमान आणि अकोल्यात जावई कसा होणार? सोमवारी तर महिनाच संपत होता.

"आई, मंग अकोल्याचं कसं करायचं?" मी विचारलं.

"पाहू," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या घरी कोणी कोणाला नाही म्हणत नाही. पाहू म्हणतात. मी पस्तिशीची बाई, शाळेत गणित शिकवते, चाळीस पोरांना एका नजरेत गप्प बसवते, आणि त्या 'पाहू'पुढे मला काही सुचत नाही. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःहून तोड काढली. "अकोला काय दूर हाये? पुढच्या धोंड्याच्या महिन्यात जाजा." पुढचा धोंड्याचा महिना म्हणजे तीन वर्षांनी.

मी आईला फोन करून सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बरं. पाहुणे हायेत तं कसं येशीन? अनारशाचं पीठ भिजवलेलं टिकते." मग तिनं उन्हाची, पाण्याची आणि शेजारणीच्या गुडघ्याची हकीकत सांगितली आणि फोन ठेवला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. मी रागाला पुढं केलं, कारण रागात कामं भराभर होतात.

पीचचा डबा शेवटी ऑनलाइन मागवला. आमच्या जिल्ह्यातली संत्री जगभर जातात म्हणून आम्ही छाती फुगवतो, आणि आमच्या दारात कोण्या मुलखातलं फळ साखरेच्या पाण्यात पोहत आलं. लग्नात आलेला ओव्हन कपाटावरून खाली काढला. त्यात मागच्या हिवाळ्यापासून सासूबाईंची शाल आणि मफलर ठेवलेले होते.

रविवारी सकाळी नवरा पाहुण्यांना घ्यायला बडनेऱ्याच्या स्टेशनवर गेला. पाहुणे आले, पाय धुतले, ओवाळणं झालं. जावईबुवांना कूलरसमोर बसवलं. बिचारा साधा, हसरा माणूस. आमच्याकडे आला की त्याला एकटं उठून पाणीही पिऊ देत नाहीत, त्यामुळे तो बसल्या जागी अवघडून जातो.

मी स्वयंपाकघरात कॉबलरला हात घातला. काम अगदी सोपं. काचेच्या भांड्यात लोणी वितळवायचं. मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि दूध एकत्र करून ते पातळ पीठ लोण्यावर ओतायचं. वरून पीचच्या फोडी त्यांच्या पाकासकट टाकायच्या. आणि मग मुख्य गोष्ट: अजिबात ढवळायचं नाही. पीठ आपोआप फुगून फळाच्या वर येतं.

सासूबाई हातात चमचा घेऊन उभ्याच होत्या. "अवो, खाली पीठ, वरतं पाणी. असं ठेवतात का? ढवळ न."

"ढवळायचं नसते, आई. व्हिडिओत सांगितलं."

"त्या व्हिडिओवालीले सासू नसन." त्यांनी चमचा ठेवला, पण मी ओव्हनकडे वळले तेवढ्यात मूठभर इलायची-जायफळाची पूड वरून भुरभुरवली. इलायची न पडता गोडाचं काही या घरातून बाहेर जात नाही. त्या वासानं मैद्याला जरा माणसात आणलं, हे मान्य करायला हवं.

ओव्हन लावला आणि बाहेर कूलर बंद पडला. मेनचं पडलेलं बटण वर करून कूलर लावला, तर ओव्हन बंद. आमच्या घराची वायरिंग दोघांचा भार घेईना. आता जावयाला थंड ठेवायचं की जावयासाठी भाजायचं, असा पेच पडला. सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. साऱ्या आयुष्यात त्यांच्यापुढे जावयाच्या दोन सेवांतून एक निवडायची वेळ आली नव्हती. शेवटी नवऱ्याच्या हातात पुठ्ठा दिला. तो जावईबुवांना वारा घालायला लागला, ते संकोचून त्याच्या हातातला पुठ्ठा ओढायला लागले, आणि पाऊण तास दोन्ही जावई एकमेकांना वारा घालत घामानं निथळत बसले.

आत सासूबाई ओव्हनच्या काचेला नाक लावून होत्या. पीठ खरंच फुगून वर आलं, कडेला तांबूस झालं, मध्ये पीचच्या फोडी बुडाल्या. त्यांना वेगळीच काळजी होती. "जाळी पडली का, पाह्य बरं." मी भांडं बाहेर काढलं आणि सुरीनं एक कोपरा उचलून दाखवला. आत बारीक बारीक छिद्रं होती. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. वाण देवाच्या नियमात बसलं.

जेवणं झाली. चांदीच्या वाटीत कॉबलर आला. जावईबुवांनी एक चमचा खाल्ला, छान आहे म्हणाले, दुसरा खाल्ला, आणि इकडेतिकडे पाहत अगदी हळू विचारलं, "आई, या वेळी अनारसे नाही केले का? मला वाटलं, अधिकाचे अनारसे असतील. मला फार आवडतात."

सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला. "तुमाले तं हे आवडते न? पोरीनं सांगितलं."

"मला? मी तर आज पहिल्यांदाच खातोय."

सगळ्यांनी नणंदेकडे पाहिलं. ती भांडं स्वतःपुढे ओढून कडेचा खरपूस भाग बोटांनी खरडून खात होती. तिनं मान वर केली आणि सरळ सांगितलं, "मला खायचा होता. ऑफिसात एकीनं आणला होता, तेव्हापासून डोक्यात होता."

"मंग तसं सांगाचं न वं."

"सांगितलं असतं तं तू काय म्हटलं असतं? उन्हाळ्यात काहीचं काही काढते म्हटलं असतं. शाळेत असताना केक मागितला, तं बटाट्याची भाजी केली होती." पुण्याला जाऊन सुटलेली बोली रागात परत आली होती. "यांचं नाव घेतलं तं तू डबा पुण्या-मुंबईहून मागवला."

सासूबाईंनी तिच्या वाटीत आणखी एक मोठी फोड वाढली. मला मात्र एकदम लख्ख दिसलं. इतकी वर्षं मी अर्ज चुकीच्या नावानं करत होते.

"आई," मी म्हटलं, "तुमच्या लेकाले सकाळपासून अनारसे खावं वाटून राहिलं. अकोल्याचे. आमच्या आईच्या हातचे. तुमाले सांगाले लाजून राहिले."

नवऱ्याच्या तोंडात कॉबलर होता. त्याला अनारसे अजिबात आवडत नाहीत. अकोल्यात तो अर्धा खातो आणि उरलेला रुमालात गुंडाळतो, हे मला माहीत आहे. तो "मले?" म्हणणार, एवढ्यात नणंदेनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. "हो आई. दादा मलेही फोनवर म्हणत होता."

"अरे बाप्पा!" सासूबाई उठल्याच. "पोट्ट्याचं मन मारलं व माय! सांगाले काय झालं होतं? संध्याकाळच्या गाडीनं जा न. यांची गाडी अकोल्यावरूनच जाते. उद्याची सुट्टी टाक." आणि माझ्याकडे वळून, "तूबी जाय मंग. तो एकटा कसा जाईन?"

तर 'पाहू'चं 'जाय' व्हायला एवढा वेळ लागला. संध्याकाळी बडनेऱ्याहून आम्ही चौघं एकाच गाडीत बसलो. नणंद आणि मी खिडकीशी बसून मूर्तिजापूर येईपर्यंत नुसत्या हसत होतो. आपल्याला काय काय खावंसं वाटतं हे नवऱ्याला त्या दिवशी नव्यानं कळलं होतं.

अकोल्याला आई दारातच उभी होती. तिनं जावयाचे पाय धुतले, ओवाळलं, पानात अनारसे वाढले. नवऱ्यानं, त्याचं भलं होवो, दोन अनारसे मान खाली घालून संपवले आणि तिसऱ्याला हात जोडले. मी आईच्या मागं स्वयंपाकघरात गेले. ती माझ्यासाठी शेवटचा घाणा तळत होती. पदरानं कपाळाचा घाम पुसत होती.

मला राहवलं नाही. "आई, कायले इतका खटाटोप करते? त्याले अनारसे आवडत नाहीत. तुले दिसत नाही का?"

"मले माहीत नाही का?" तिनं झाऱ्यावर अनारसा निथळत धरला होता. "पयल्या वर्सापासून माहीत हाये. रुमालात ठेवते तो."

"मंग?"

"मंग काय? जावयाले बोलावलं की तुले पाठवतात. तुले एकटीले बोलावलं तं पाठवतात का?"

महिनाभर मी जावयांच्या कौतुकावर मनातल्या मनात तोंडसुख घेत होते, दोन्हीकडच्या. आईनं अनारसा मोडून, फुंकर घालून, अर्धा माझ्या तोंडात दिला. मग गॅस बारीक केला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तीन वर्सं लय होते व माय. मधात कधी तुया नवऱ्याले काही खावं वाटलं, तं सांगत जाय."

"वाटते न, आई," मी म्हटलं. "त्याले दर महिन्याले वाटते."