एक जूनच्या दोघी

आमच्या खानदेशात एक जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो. पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी जन्मतारीख विचारायचे, बापाला ती ठाऊक नसायची, मग गुरुजीच एक जून ठोकून द्यायचे. माझे आई-वडील दोघंही एक जूनचेच. म्हणजे मला हे सगळं माहीत होतं. तरी माती खाल्ली.

मी राहायला जळगावात, मेहरूणला. धुळ्याच्या एका दवाखान्याचा डेटाबेस सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. केसपेपरच्या खिडकीवर गर्दी झाली की जुनं नाव शोधत बसायला कुणाला वेळ? नवीन नोंद करून मोकळे. एकेका माणसाच्या चार-चार नोंदी झाल्या, स्क्रीन हलेना आणि शिव्या मात्र मला. वैतागून ठरवलं, एकदाच काय ते साफ करून टाकू. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख, एवढं जुळलं की माणूस एकच. शेवटची नोंद ठेवायची, बाकीच्या उडवायच्या.

खिडकीवर शिंदखेड्याकडच्या एक अक्का बसायच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडे अख्खं गाव एका आडनावाचं असतं. आधी यादी तरी काढा, मी नजर घालते."

"पाच गोष्टी जुळतायत अक्का, आता काय कुंडली जुळवायची?" मी म्हणालो. सगळे हसले.

डिलीट मारण्याआधी काय उडणार ते बघून घे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी बॅकअप घेतला आणि न बघता डिलीट मारलं. स्क्रीन पळायला लागली, मला चहा पाजण्यात आला. हुशारी कसली, निव्वळ माज!

काही महिन्यांनी शिंदखेडा तालुक्यातली एक बाई पित्ताशयाच्या ऑपरेशनला आली. एखादं औषध चालत नाही असं आहे का, डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, "मांगे सांगेल शे ना. बठ्ठं कंप्युटरमा शे."

मागेच सांगितलंय, सगळं कंप्युटरमध्ये आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी तो बघितला. रकाना कोरा होता. इंजेक्शन दिलं, तिचा श्वास कोंडला आणि ती गेली.

चौकशी झाली. मी स्क्रीनवरचं छापून काढलं आणि खाली सही केली, की अशी कोणतीही नोंद नाही. खोटं बोलत होतो असंही नाही, मला तसंच वाटत होतं. तिच्या नवऱ्याला सांगण्यात आलं की बाईनं सांगितलंच नाही.

पंधरा दिवसांनी अक्कांनी मला खिडकीवर बोलावलं. समोर एक बाई डोळ्यांचे थेंब घ्यायला आली होती आणि स्क्रीनवर तिच्या नावापुढे लिहिलं होतं, मयत.

"मी ते जित्ती शे ना, भाऊ," बाई म्हणाली. "मरी गयी ती आमनी गल्लीनी. आमनं दोन्हीस्नं नाव एकच. मालकनं नाव बी तेच."

मी बॅकअप उघडला. दोन ओळी, एकीखाली एक. नाव तेच, गाव तेच, एक जून, सालसुद्धा तेच. वरच्या, मी उडवलेल्या ओळीत अक्कांनीच कधीतरी टाइप केलं होतं: पेनिसिलिन चालत नाही, अंगावर गांधी उठतात, श्वास अडकतो. अक्का माझ्या मागे उभ्या राहून वाचत होत्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जित्या बाईला जिवंत करायला एक ओळ लिहावी लागली, एवढंच. थेंबांची बाटली पदराला बांधून "देव तुमनं भलं करो, भाऊ" म्हणत ती गेली.

दोन्ही ओळींचा कागद घेऊन मी वरिष्ठांकडे गेलो. "मेलेलं उकरून काय मिळणार?" ते म्हणाले आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकला. पुढे मी ती नोकरी सोडली. एक प्रत माझ्याकडे आहे. मेलेल्या बाईच्या घरी द्यायला ती घेऊन दोनदा निघालो आणि दोन्हीदा वाटेतल्या नरडाण्याहून परत फिरलो. भ्याड आहे मी, दुसरं काय!

त्या घरात अजूनही हेच माहीत आहे, की बाईनं सांगितलं नाही. तिनं सांगितलं होतं.