जाड फक्की

मोठ्या रस्त्यावरून आत वळायचं आणि कुणाच्या तरी शेताच्या कडेने कुणाच्या तरी दारापर्यंत पोचायचं, एवढाच त्यांचा रस्ता असायचा. कधी दोनशे फूट, कधी पाचशे. ज्याने करून घेतला त्याच्याच वापराचा. असे रस्ते नवराबायको तीस वर्षं करत होते. तो रोलर चालवायचा, ती आखणी करायची. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि वाकून दोरीवरून चुन्याची फक्की टाकत जायचं. आतली रेघ रस्त्याच्या कडेची, बाहेरची पाण्याच्या चराची. मध्ये तीन फूट.

तिला सगळे वहिनी म्हणत, तिच्याहून थोराड ट्रकवालेसुद्धा. नवऱ्याला धंद्यातले लोक ओळंबा म्हणायचे. त्याच्या रस्त्याची कड कधी वाकडी गेलेली कुणी पाहिली नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी ओळंब्याने सकाळचा चहा कपाच्या शेजारी ओतला.

"कप सरकला," तो म्हणाला.

तिने ओटा पुसला. डोळे दाखवून या म्हटलं, तर धूळ जाते म्हणाला, आणि औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली घेऊन आला. त्या आठवड्यात एका पोल्ट्रीच्या रस्त्याची कड दोन ठिकाणी पोट सुटल्यासारखी बाहेर आली. तो जेवायला गेल्यावर वहिनीने ती फावड्याने सारखी केली आणि पुढच्या कामापासून आतली रेघ जाड टाकायला लागली. एका मुठीच्या जागी दोन मुठी. म्हणजे दुप्पट वेळ वाकणं. संध्याकाळी घरी गेल्यावर ती आधी भिंतीला पाठ टेकून उभी राहायची, मग चपला काढायची.

"काय गं, म्हातारी झालीस," तो म्हणायचा. "माझं बघ. थेंब काय लागू पडलेत!"

ती हो म्हणायची आणि कुकर लावायची. सांगायचं रोज ठरवायची. पण रोलरवरून उतरलेला हा माणूस दिवसभर घरात काय करील, हे तिच्या डोळ्यांपुढे येईना. आणि भांडण काढायचं म्हणजे त्यालाही अंगात जोर लागतो; दिवसभर वाकून तिच्यात तो उरत नसे.

मग नर्सबाईंचं काम आलं. बाई नुकत्याच निवृत्त झालेल्या, मागच्या जमिनीत दोन खोल्या बांधल्या होत्या, आणि तिथवर जायला धड वाट नव्हती. आखणी करताना वहिनीला दिसलं की चराच्या रेघेला लागूनच शेजाऱ्याचा हद्दीचा दगड आहे. निदान इथे तरी त्याला दिसावं म्हणून तिने तेवढ्या भागात चराची रेघही जाड टाकली. चांगली दोन मुठींची.

दुसऱ्या दिवशी पहिली दाबणी होती. खडी नाही, मुरूम नाही, सगळीकडे सारखीच माती. वहिनी टँकरवाल्याला जागा दाखवायला रस्त्याच्या तोंडाशी गेली होती. तेवढ्यात शेजाऱ्याची हाक आली.

"ओ वहिनी! रस्ता नर्सबाईंकडे जाणार आहे की माझ्या स्वयंपाकघरात?"

ती धावली. रोलर बाहेरच्या रेघेवर उभा होता. हद्दीचा दगड मातीत गडप झाला होता, नुसतं डोकं वर.

"दगडाचं जाऊ द्या हो," शेजारी आता हळू बोलत होता. त्याचा चेहरा उतरला होता. "आई ह्याच्यावर बसली होती. पाणी प्यायला उठली, पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत."

"माझी चूक," वहिनी म्हणाली. "रेघ मी चुकीची टाकली."

ओळंबा खाली उतरला. उकिडवा बसला, चुन्यावरून बोटं फिरवली. मग तीन फूट सरकून आतल्या रेघेवरून.

"दोन्ही सारख्याच?"

ती वाकून दगडाभोवतीची माती हाताने काढायला लागली.

"एवढी जाड कधीपासून टाकतेस?"

"सहा महिने झाले."

त्याने बोटांना लागलेला चुना पँटला पुसला. "आणि मी ती बाटली तिसऱ्यांदा आणली," तो म्हणाला.

गडबड ऐकून नर्सबाई आल्या. त्यांनी सवयीने हात वर केला. "किती बोटं?"

"तुमची बोटं मोजायला नाही आलो, बाई."

"म्हणजे दिसत नाहीत," नर्सबाई म्हणाल्या आणि डॉक्टरांचा पत्ता लिहायला घरात गेल्या.

शेजारी आईला हाताला धरून घेऊन गेला. वहिनी रोलरच्या सावलीत टेकली. गुडघे ठणकत होते. "मी उद्या दुसरा ड्रायव्हर बघते," ती म्हणाली. सहा महिने जे तोंडातून निघत नव्हतं, ते असं भाजी आणायला सांगावं तसं निघालं.

"माझ्या रोलरवर दुसरा?"

"मग काय करू? पुन्हा कुणी दगडावर बसलेलं असलं तर?"

त्याने तोंड फिरवलं. टँकरवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला. शेवटी तो उठला, हाताने चाचपत रोलरच्या पायरीपाशी गेला आणि बाजूला सरकून उभा राहिला.

"तू बस."

"मी? दिवसभर वाकायचं, आणि वरून हेही?"

"बस म्हणतो ना."

ती चढली. सीट त्याच्या अंगाने खोल गेलेली होती, तिचे पाय जेमतेम पोचत होते. तो पुढे चालत सांगायला लागला: हळू सोड, उजवीकडे नको, घाई काय आहे, लग्नाला जायचंय का तुला? रोलर थरथरत निघाला. तिच्या कमरेत कळ आली. आतली रेघ धरून ती वीसेक फूट गेली.

"बाजूला व्हा," ती ओरडली. "पायावर येईल."

"किती लांब आहेस?"

"एवढी समोर तर आहे!"

तो तिच्याकडे तोंड करून उभा होता, पण बघत होता जरा भलतीकडेच.

"अगं, दिसत नाही मला," तो म्हणाला.

तिने रोलर थांबवला.

"दहा पावलं," ती म्हणाली. "डाव्या हाताला व्हा. आणखी. हां, तिथंच थांबा."